द्व्यर्थी विनोद आणि त्यातील स्त्री : दादा कोंडके यांच्या चित्रपटांच्या निमित्ताने

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे ज्याचे नाव दूरवर पोचले आहे त्या शिरपूर जैन या गावी प्रस्तुत लेखकाचे बालपण गेले. गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा १९९८ साली अस्तित्वात आला. वर्षातून काही दिवस गावाबाहेरच्या रिकाम्या वावरात टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. तंबूच्या मधोमध एक कनात बांधलेली असे. तिच्या एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायका व लहान मुले. दादा कोंडके यांचे दोन-तीन चित्रपट मी त्या तंबूत, बायकांच्या बाजूला बसून पाहिले. कोणता प्रसंग कोणत्या चित्रपटातला, हे आज वेगळे काढता येत नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट आठवते. कनातीपलीकडून हशा उठला म्हणजे अलीकडे तो उठेच असे नाही. काही जागी बायका पुरुषांच्या आधी हसत. पदर तोंडाला लावून, शेजारणीच्या मांडीवर थाप मारून हसत. उलट काही जागी, पलीकडे शिट्ट्यांचा कल्लोळ चाललेला असताना, अलीकडे कोणी पोराला पाणी पाजीत असे, कोणी शेंगा सोलीत बसे. पडदा एकच, विनोद एकच, आणि प्रेक्षक मात्र दोन.

हे स्मरण मी पुरावा म्हणून सादर करीत नाही. बालपणीच्या आठवणींवर सिद्धांत उभारता येत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु त्या कनातीने जो प्रश्न उभा केला तो समीक्षेने फारसा विचारलेला नाही, म्हणून त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे. कोंडके यांच्या विनोदासंबंधी मराठीत जे लिहिले-बोलले गेले त्यात दोन सूर ठळकपणे ऐकू येतात. एक सूर म्हणतो, हा विनोद अश्लील आहे, आणि तेथेच थांबतो. दुसरा म्हणतो, हा लोककलेचा, मातीतला, कष्टकऱ्यांचा विनोद आहे, त्याला नाके मुरडणे हा पांढरपेशा ढोंगीपणा आहे. आणि तोही तेथेच थांबतो. पहिल्या सुराला भाषेच्या शुचितेची काळजी आहे, दुसऱ्याला वर्गीय न्यायाची. दोघांच्याही बोलण्यात विनोदाच्या मध्यभागी उभी असलेली स्त्री जवळजवळ येत नाही. आली तरी ती एका पक्षाला लाजेचे कारण म्हणून हवी असते आणि दुसऱ्याला रसरशीत लोकजीवनाची खूण म्हणून.

पारिभाषिक गोंधळ आधी दूर करणे अवश्य आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ हे दोन स्वतंत्र दोष मानले आहेत. अश्लीलतेचे त्याने जे तीन प्रकार केले, लज्जा उत्पन्न करणारे, किळस उत्पन्न करणारे आणि अमंगल सुचविणारे, ते सर्व श्रोत्याच्या मनावर होणाऱ्या परिणामावरून केलेले आहेत. ग्राम्यता ही मात्र शब्दाच्या वस्तीवरून ठरते. नागर बोलीत न चालणारा शब्द ग्राम्य. मग तो कितीही निष्पाप असो. आधुनिक मराठी समीक्षेने हे दोन दोष एकमेकांत मिसळून टाकले. ‘आये’, ‘ह्यो’, ‘तिथं’ असे बोलणारा माणूस कानावर पडला की पुढे काहीतरी अश्लील येणार, अशी तिची अपेक्षा झाली. कोंडके यांच्यावरील पुष्कळशी टीका ही वस्तुतः ग्राम्यतेवरची टीका आहे आणि ती सोडून देण्याच्याच योग्यतेची आहे. परंतु ती सोडून दिल्यावर उरणारा प्रश्न अश्लीलतेचाही नाही. अश्लीलतेचा विचार श्रोत्याला काय वाटले याचा विचार असतो. ज्या व्यक्तीला धरून विनोद झाला तिचे त्या विनोदात स्थान कोणते, हा निराळाच प्रश्न आहे आणि आपल्या साहित्यशास्त्रात त्याला नाव नाही.

नाव नसले तरी उदाहरण आहे, आणि ते आपल्याच भूमीतील आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यातील एक गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली, त्यामुळे ती साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. संध्याकाळी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातील तरुण स्त्री सासू कोठे निजते आणि आपण कोठे निजतो ते दाखवून ठेवते, आणि रात्री दिसत नसल्याने आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस अशी ताकीद देते. वाच्यार्थ निषेधाचा, व्यंग्यार्थ आमंत्रणाचा. शास्त्रकारांनी या गाथेत वाच्य आणि व्यंग्य यांचा विरोध पाहिला. आपण बोलणारी कोण आहे ते पाहू. येथे दोन्ही अर्थ स्त्रीच्या ताब्यात आहेत. दुसरा अर्थ तिनेच घडविला आहे, तो कोणाला कळावा आणि कोणाला कळू नये हे तिनेच ठरविले आहे. सासूला एक अर्थ ऐकू जातो, वाटसरूला दुसरा. आज ज्याला आपण द्व्यर्थी बोलणे म्हणतो त्याचा हा दोन हजार वर्षांच्या आसपासचा नमुना आहे, आणि तेथे विनोदाची सूत्रे स्त्रीकडे आहेत.

याच्या शेजारी फ्रॉईडचे विवेचन ठेवले म्हणजे फरक उमगतो. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या विनोदविषयक ग्रंथात त्याने चावट बोलण्यात तीन व्यक्ती लागतात असे म्हटले आहे : बोलणारा पुरुष, जिच्याविषयी बोलले जाते ती स्त्री, आणि ऐकून हसणारा तिसरा. बोलणे आरंभी स्त्रीला उद्देशून असते. तिने प्रतिसाद नाकारला की बोलणारा तिला सोडून तिसऱ्याकडे वळतो, त्याला आपल्या बाजूला घेतो, आणि स्त्री केवळ उघडी पडलेली वस्तू म्हणून उरते. खालच्या थरातील खाणावळीत दारू वाढणारी बाई आली की असले बोलणे सुरू होते आणि वरच्या थरात स्त्री आली की ते थांबते, असेही त्याने नोंदविले आहे. फ्रॉईडच्या त्रिकोणात एक जागा नाही : बोलणारी स्त्री. गाथेत ती आहे. आमच्या वऱ्हाडात हळदीच्या रात्री विहिणीला आणि व्याह्याला उद्देशून ज्या बायका गाणी म्हणतात त्यांच्यातही ती आहे. म्हणून द्व्यर्थी विनोदाची परीक्षा शरीराचा उल्लेख किती जवळून झाला यावर करू नये. दुसरा अर्थ कोणाला ठाऊक आहे, आणि त्याला उत्तर देण्याची मुभा कोणाला आहे, यावर ती करावी. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

कोंडके यांच्या विनोदाचे मूळ तमाशात आहे, हे सर्वमान्य आहे. तमाशाच्या गण, गौळण, बतावणी, वग या क्रमात गौळणीला जे स्थान आहे ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवितात. त्यांच्यापुढे मावशी उभी राहते आणि शब्दाला शब्द देते. वाट अडविणे हा छळच आहे; परंतु गौळणीचे नाट्य छळात नसून उत्तरात आहे. लावणीतील सवाल-जवाबालाही हेच तत्त्व लागू पडते. जिला जवाब देता येत नाही तिला फडावर उभे राहता येत नाही. मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मावशीचे काम परंपरेने पुरुष करीत आला आहे, आणि स्त्रिया फडावर येण्यापूर्वी नाच्या पोऱ्याच स्त्री होत असे. पवळा हिवरगावकर हिने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पठ्ठे बापूराव यांच्या फडात जे केले ते मोठे होते. परंतु फडावर मिळालेली जीभ फडाखाली आल्यावर उरत नसे. कोल्हाटी, महार, मांग या जातींतील ज्या स्त्रियांनी ही कला सांभाळली त्यांच्या वाट्याला दौलतजादा आला, मान आला नाही. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात आणि शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तमाशाविषयक ग्रंथात हे सविस्तर दाखविले आहे. ‘अश्लील’ हा शिक्का शब्दांवर बसण्याआधी जातीवर बसलेला असतो, हे पाईक यांच्या विवेचनातून लक्षात येते. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली तेव्हा फड उपाशी राहिले; प्रेक्षागृहातील पुरुषांच्या नजरेला मात्र कोणी बंदी घातली नाही. (वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात होता, त्यामुळे मुंबईचा हुकूम आमच्याकडे चालत नव्हता, हा एक भौगोलिक योगायोग.) तमाशात स्त्रीला जवाबाचा हक्क होता असे म्हणताना तो हक्क किती वेळ टिके, हेही सांगितले पाहिजे.

नायगावच्या चाळीत वाढलेले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्याकडे हा वारसा लोकनाट्याच्या मार्गाने आला. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील हवालदाराच्या भूमिकेने कोंडके यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. या लोकनाट्यातील विनोद सोवळा नाही. परंतु त्यातील मैनावती हवालदाराच्या कटात पूर्ण जाणतेपणाने सामील आहे. कोतवालाची फजिती तिच्यावाचून होऊच शकत नाही. हसे होते ते अधिकारपदाचे. रंगमंचावरील सर्वांत मूर्ख माणूस हा सर्वांत मोठ्या पगडीचा माणूस असतो, हा तमाशाचा जुना नियम सबनीसांनी येथे पाळला आहे. बाख्तिन याने राब्लेवरील ग्रंथात ज्या लोकहास्याचे वर्णन केले, जे सत्तेला खाली ओढते आणि हसणाऱ्यालाही वगळीत नाही, त्याची आठवण या वगात होते.

भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’नंतर (१९६९) कोंडके यांनी स्वतःची निर्मिती सुरू केली. १९७१ चा ‘सोंगाड्या’, १९७२ चा ‘एकटा जीव सदाशिव’, १९७३ चा ‘आंधळा मारतो डोळा’, १९७५ चा ‘पांडू हवालदार’ अशी मालिका चालू झाली आणि नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची गिनीज बुकात नोंद होण्यापर्यंत ती पोचली. या चित्रपटांच्या नावांवर पुष्कळ थट्टा झाली आहे. त्यांचे व्याकरण मात्र कोणी तपासलेले दिसत नाही. ते तपासण्यासारखे आहे, कारण द्व्यर्थी विनोद हा अखेर व्याकरणाचाच खेळ असतो.

आरंभीची नावे म्हणींवर उभी आहेत. ‘एकटा जीव सदाशिव’ हा वाक्प्रचार जसाच्या तसा उचललेला. ‘आंधळा मागतो एक डोळा’ या म्हणीतील एकच अक्षर बदलून ‘मागतो’चे ‘मारतो’ केले आणि याचनेची म्हण खोडीची झाली. कल्पना चतुर आहे, आणि महत्त्वाचे म्हणजे येथे कर्ता पुरुष आहे व हसेही त्याचेच आहे. डोळा मारणारा आंधळा आहे, त्याला समोर कोण आहे हेसुद्धा दिसत नाही. १९७६ च्या ‘तुमचं आमचं जमलं’ या नावात तर दोन्ही पक्ष सर्वनामांनी हजर आहेत आणि क्रियापद नपुंसकलिंगी. जे जमले ते दोघांचे. आता १९७८ चे ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ घ्या. हात लावीन तिथे सोने, या बोलण्याच्या धर्तीवर हे नाव बेतले आहे. ‘लावीन’ हे प्रथमपुरुषी भविष्यकाळाचे रूप; मराठीत त्याला लिंग नसते, म्हणजे हे वाक्य स्त्रीच्या तोंडीही शोभले असते. परंतु ते पुरुषाचेच आहे, याविषयी कोणाही प्रेक्षकाला शंका आली नाही. आणि जिला बोट लावावयाचे ती या वाक्यात कोठे आहे? ती ‘तिथं’ या शब्दात आहे. ती कर्ता नाही, कर्म नाही, सर्वनामसुद्धा नाही. ती स्थलवाचक क्रियाविशेषण झाली आहे. गुदगुल्या कोणाला होणार, हेही वाक्यात नाही. स्त्रीचे वस्तूत रूपांतर होते असे आपण ढोबळपणे म्हणतो. येथे ती वस्तूही उरलेली नाही, नुसती जागा उरली आहे.

१९८० चे ‘ह्योच नवरा पाहिजे’ हे नाव मला या सर्वांत अधिक आवडते, हे कबूल केले पाहिजे. त्यात दुसरा अर्थ नाहीच म्हटले तरी चालेल. आहे तो एका स्त्रीचा हट्ट. ‘ह्योच’मधील ‘च’ या एका अक्षरात निवडीचा सगळा हक्क आला आहे, आणि तो ग्राम्य बोलीत आला आहे, यानेच त्याला जोर आहे. त्यानंतरचे ‘आली अंगावर’ (१९८२). आला अंगावर तर घेतला शिंगावर, ही मूळ म्हण बैलांच्या टकरीची, बरोबरीच्या झुंजीची. तिचा उत्तरार्ध कापला आणि पूर्वार्धाचे लिंग बदलले की झुंज संपते आणि चावटपणा उरतो. या नावात स्त्री कर्ता आहे खरी. पण तिने जे केले ते कोणाच्या बाजूने पाहिले आहे? ज्याच्या अंगावर ती आली त्याच्या. १९८६ चे ‘मुका घ्या मुका’ ही भाजी घ्या भाजी या चालीवरची फेरीवाल्याची आरोळी आहे. ‘मुका’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तीत खेळतात. आरोळीला गिऱ्हाईक कोणीही चालते. आणि १९९२ चे ‘येऊ का घरात’. प्रश्न विचारला आहे, म्हणजे उत्तराला जागा ठेवली आहे, असे वरवर दिसते. परंतु विचारणाऱ्याला उत्तर नको आहे. ज्याला हा प्रश्न ऐकून हसावयाचे त्या तिसऱ्याकडे त्याचे तोंड आहे. फ्रॉईडचा त्रिकोण याहून कमी शब्दांत काढता येणार नाही.

ही घसरण सरळ रेषेत झाली असे मी म्हणत नाही. १९७८ नंतर १९८० येते, आणि चांगल्या-वाईटाची सरमिसळ प्रत्येक चित्रपटात आहे. तरीही ‘सोंगाड्या’ आणि पुढचे चित्रपट यांतील एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ‘सोंगाड्या’तील नाम्या भोळा आहे. तमाशाच्या वेडापायी आई त्याला घराबाहेर काढते आणि तो आश्रयाला जातो तो कलावतीकडे, म्हणजे तमाशातील नर्तकीकडे. उषा चव्हाण यांनी उभी केलेली ही कलावती जग पाहिलेली आहे. ज्याला दुसरा अर्थ कळत नाही तो पुरुष आणि जिला तो पुरेपूर कळतो ती स्त्री, अशी येथे मांडणी आहे. हसू येते ते नाम्याच्या अज्ञानाचे. तंबूतल्या बायका पुरुषांच्या आधी का हसत, याचे एक उत्तर मला येथे सापडते : पुरुषाला न कळलेले त्या तिच्याबरोबर आधीच समजून चुकलेल्या असत.

पुढे हा भोळेपणा राहिला, परंतु त्याचे काम बदलले. नायक आता भोळा नसतो. त्याने भोळेपणाचा आव आणलेला असतो. लोंबती नाडी, ढगळ चड्डी, बावळा चेहरा हे सर्व तेच; मात्र दुसरा अर्थ आता त्याला ठाऊक असतो, प्रेक्षकाला ठाऊक असतो, आणि ज्या स्त्रीला उद्देशून वाक्य बोलले जाते तिला एक तर तो ठाऊक नसतो किंवा ठाऊक असून तिने लाजावे एवढेच तिच्याकडे उरलेले असते. भोळेपणा हे अज्ञान राहिले नाही, ती ढाल झाली. कोणी हरकत घेतलीच तर बोलणारा म्हणू शकतो की मी सरळच बोललो, घाण तुमच्या मनात आहे. कोंडके यांच्याविषयी हा बचाव कौतुकाने सांगितला जातो. मला त्यात चातुर्य दिसते, कौतुकाचे कारण दिसत नाही. वाटेत मुलीला उद्देशून गाणे गुणगुणणारा आणि तिने मागे वळून पाहताच आकाशाकडे पाहणारा तरुण याच ढालीचा उपयोग करतो, आणि ती ढाल कशी असते हे आमच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थिनीला ठाऊक आहे.

या चित्रपटांत एक स्त्री अशी आहे की जिला कोणताही श्लेष शिवत नाही : रत्नमाला यांनी वारंवार रंगविलेली ‘आये’. ती शिव्या देते, पोराला बडविते, गावाला धाकात ठेवते. तिची भाषा नायकाच्या भाषेपेक्षा कमी ग्राम्य नाही. तरीही तिच्या वाक्याला दुसरा अर्थ नसतो आणि तिच्याविषयी कोणी दुसऱ्या अर्थाने बोलत नाही. नायक तिच्यासमोर कायमचा पोर आहे, आणि त्याचे पोरपण टिकले तरच त्याच्या भोळेपणाची ढाल टिकते. गाथेतही एक वडीलधारी स्त्री होती, झोपलेली सासू; तिला चुकवून तरुण स्त्रीची बुद्धी वाट काढते. येथे वडीलधाऱ्या स्त्रीला चुकवून वाट काढतो तो मुलगा. घरातील म्हातारीची जागा तीच राहिली, दुसरा अर्थ मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

न्यायासाठी गीतांचा उल्लेख केला पाहिजे. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजांतील द्वंद्वगीते ही या चित्रपटांची मोठी संपत्ती होती, आणि त्यांत सवाल-जवाबाचा जुना नियम पुष्कळदा शाबूत राहिला. संवादात जी नायिका लाजून मान खाली घालते तीच गाण्यात पुढच्या कडव्याला उलटून बोलते. चाल दोघांना सारखी वाटून दिली की शब्दही थोडेफार वाटून द्यावे लागतात. छंदाची ही सक्ती कधी कधी लेखकाच्या कल्पनेपेक्षा न्यायी ठरते.

कायद्याविषयी थोडक्यात. मराठीत शरीराविषयी सरळ, एकाच अर्थाने आणि स्त्रीच्या सुखाचा विचार करून लिहिणारे र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखनाबद्दल अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरीही त्यांना दंड झाला. जे उघड बोलले गेले ते शिक्षेला पात्र ठरले आणि आडून बोललेले सुटले. चित्रपट परिनिरीक्षणासाठी केंद्र सरकारने १९९१ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत हीन भावनांना आवाहन करणाऱ्या द्व्यर्थी शब्दांविषयी एक कलम आणि स्त्रीची अवहेलना करणाऱ्या दृश्यांविषयी दुसरे कलम आहे. ही दोन कलमे वेगळी ठेवली, हे योग्यच झाले. कारण द्व्यर्थी असून अवहेलना न करणारे वाक्य असू शकते, आणि अवहेलना करण्यासाठी दोन अर्थ लागतातच असे नाही.

याची साक्ष पुढच्या काळाने दिली. कोंडके हिंदीत गेले तेव्हा ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या नावात नाम आणि क्रियापद यांचा श्लेष तरी होता. नंतरच्या हिंदी चावट चित्रपटांनी, ‘मस्ती’ (२००४), ‘क्या कूल हैं हम’ (२००५), ‘ग्रँड मस्ती’ (२०१३) आणि त्यांच्या पुढील भागांनी, प्रेरणा घेतली ती अमेरिकन महाविद्यालयीन विनोदपटांकडून. ‘पोर्कीज’मध्ये मुले भिंतीच्या छिद्रातून स्नान करणाऱ्या मुली पाहतात; ‘अमेरिकन पाय’मध्ये (१९९९) एका मुलीचे वस्त्र उतरविणे तिच्या नकळत संगणकावरून मित्रांना दाखविले जाते. या दोन्ही प्रसंगांचा सगळा विनोद ‘तिला ठाऊक नाही’ या एका गोष्टीवर उभा आहे. तिला ठाऊक झाले तर विनोद संपतो आणि गुन्हा उरतो. भारतीय दंड संहितेत २०१३ साली ३५४-क हे कलम आले आणि असे चोरून पाहणे व टिपणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याच वर्षी ‘ग्रँड मस्ती’ने भरपूर गल्ला जमविला. मराठीतही ‘टकाटक’सारखे (२०१९) चित्रपट आले. त्यांची भाषा शहरी आहे, त्यांना कोणी ग्राम्य म्हणणार नाही. आणि ग्राम्यतेवरच टीका करण्याची सवय लागलेल्या समीक्षेला त्यांच्याविषयी बोलावयाला शब्द सापडत नाहीत.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. बायका हसत होत्या असे तुम्हीच सांगता. मग अवहेलना कोणाची झाली? हा आक्षेप हलका नाही. हसणाऱ्या बायकांना आपली अवहेलना कळत नव्हती असे म्हणणे हा त्यांचा दुसरा अपमान होईल. त्या कोठे हसल्या आणि कोठे शेंगा सोलीत बसल्या, हे दोन्ही ऐकले पाहिजे, एवढेच मी म्हणेन.

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाच्या चर्चेत हा विषय निघाला होता. मुले उत्साहाने बोलत होती. मुली वहीत पाहत होत्या. अखेरीस मालेगाव तालुक्यातून आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझ्या आजीला दादा कोंडक्यांच्या सिनेमातलं सगळं पाठ आहे. आम्ही बायका-बायका असलो की ती म्हणून दाखवते. त्यात स्वतःचंही घालते, आणि तेच जास्त चावट असतं. पण ओसरीवर आबाजींचा खाकरा ऐकू आला की ती गप्प बसते आणि सुपातले तांदूळ निवडायला लागते.”